डोंगरवाट, मैदान आणि श्रमिकांची फुरसत

समाजवादी चळवळीत एक दुराग्रह फार जुना आहे. कामगाराचा पगार, त्याच्या कामाचे तास, त्याचे घर आणि त्याचा दवाखाना हे राजकारणाचे विषय मानले जातात. सुट्टीच्या दिवशी तो कोठे भटकतो आणि कोणता खेळ पाहतो, ही मात्र त्याची खासगी बाब ठरते. काही कडवे कार्यकर्ते याहीपुढे जातात. त्यांच्या लेखी डोंगर चढणे हा सुखवस्तूंचा छंद आणि फुटबॉलचा सामना ही जनतेची अफू. ज्या देशात या दोन्ही गोष्टी औद्योगिक कामगारांच्या जीवनाचा भाग बनल्या, त्या इंग्लंडचा इतिहास मात्र या समजुतीच्या नेमका उलट आहे. तेथील डोंगरवाटा आणि गावोगावची छोटी मैदाने कोणी कामगारांना बक्षीस दिलेली नाहीत. ती लढून मिळवलेली आहेत आणि आज ती पुन्हा हातची जाण्याचा धोका आहे.

मुळात फुरसत हीच एक जिंकलेली वस्तू आहे. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे शक्य नसल्याने पुरुषांनाही हळूहळू ती अर्धी सुट्टी लाभली. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याचा इंग्लंडचा रिवाज या सुट्टीतूनच आला. पुढे नामांकित झालेले कित्येक क्लब कारखान्यांच्या दारात जन्मले. मँचेस्टर युनायटेड हा १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी काढलेला संघ. आर्सेनल हा १८८६ साली वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातील कामगारांचा. ज्यांनी आठवडाभर यंत्र चालवले त्यांनीच शनिवारी चेंडू मारला.

डोंगरांची कथा याहून कडवट आहे. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कुंपणबंदी कायदे संमत करून सुमारे ६८ लाख एकर सामायिक जमीन खासगी मालकीत घातली. गायरान गेले, सरपण गेले आणि त्यांच्याबरोबर पायाखालची वाटही गेली. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मधोमध पेनाइन्सची विस्तीर्ण माळराने पसरलेली आहेत. गिरणीच्या खिडकीतून दिसणाऱ्या या माळांवर पाऊल टाकण्यास गिरणी कामगाराला बंदी होती, कारण तेथे ग्राऊस नावाचे पक्षी पाळले जात. त्यांच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो. मूठभर सरदारांनी वर्षातील मोजके दिवस बंदुका चालवाव्यात, म्हणून लाखोंनी बाराही महिने रस्त्यावर उभे राहून डोंगर पाहावा, अशी ती व्यवस्था होती.

तिच्याविरुद्धचा लढा संघटित कामगारांनी उभारला. १८९६ साली लँकेशायरमधील बोल्टन गावच्या हजारो लोकांनी विंटर हिलवरचा बंद केलेला रस्ता मोर्चाने जाऊन उघडला. १९०० साली जी. एच. बी. वॉर्ड यांनी शेफील्डमध्ये पायी भटकणाऱ्यांचे मंडळ स्थापन केले आणि त्याला 'क्लॅरियन' हे नाव दिले. हे नाव रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी १८९१ मध्ये सुरू केलेल्या समाजवादी साप्ताहिकाचे होते. साप्ताहिक वाचणे, सायकलवर त्याचा प्रचार करणे, एकत्र गाणे आणि डोंगर तुडवणे ही त्या पिढीच्या लेखी एकाच राजकीय जीवनाची अंगे होती. पक्षाचे काम एकीकडे आणि माणसाचा आनंद दुसरीकडे, अशी फाळणी त्यांना ठाऊकच नव्हती.

२४ एप्रिल १९३२ रोजी हा संघर्ष शिगेला पोहोचला. बेनी रॉथमन या अवघ्या वीस वर्षांच्या कम्युनिस्ट तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे स्त्री-पुरुष हेफील्ड गावातून निघाले आणि डेव्हनशरच्या ड्यूकच्या मालकीच्या किंडर स्काउट पठारावर उघडपणे चढले. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली. विनापरवाना प्रवेश हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलीसाठी जमाव जमवल्याचा आणि तत्सम आरोप ठेवण्यात आले. जमीनदार आणि लष्करी अधिकारी यांचाच भरणा असलेल्या ज्यूरीपुढे डर्बीला खटला चालला आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. भटक्यांच्या अधिकृत संघटनांनी या 'उतावीळपणा'ला नापसंती दर्शवली होती. पण सौम्य अर्जविनंत्यांनी अर्धशतकात जे साधले नव्हते ते त्या शिक्षांनी साधले. प्रश्न देशाच्या चर्चेत आला.

तरीही कायद्याची चाल गोगलगायीची राहिली. डोंगरांवर प्रवेशाचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये मांडले होते. १९३९ चा कायदा जमीनदारांच्या मित्रांनी इतका पोखरला की भटक्यांनाच तो नकोसा झाला. ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान घोषित झाले आणि १९६५ मध्ये पेनाइन वे ही दीर्घ पायवाट खुली झाली. माळरानावर मुक्तपणे हिंडण्याचा हक्क मिळण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले आणि तो हक्कही इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीपुरता आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ मध्ये जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळजवळ सर्व भूमीवर हा हक्क मान्य केला आणि तेथील शेती काही बुडाली नाही. २००२ मध्ये किंडरच्या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा तत्कालीन ड्यूकने पूर्वजांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफीने मालकीचे स्वरूप बदलत नाही. डार्टमूरवर तंबू ठोकून रात्र काढण्याचा पूर्वापार हक्क एका जमीनमालक दांपत्याने न्यायालयात नेला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो नाकारला, जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो परत दिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एका माणसाने माळावर रात्री झोपावे की नाही, हे ठरवण्यास तीन न्यायालये लागली!

डोंगरावर आज पांढरपेशेच अधिक दिसतात, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ज्या हेफील्डहून १९३२ चा मोर्चा निघाला, त्या गावचे रेल्वे स्टेशन १९७० मध्ये बंद झाले. रूळ उखडले गेले आणि त्या जागी आता फिरण्याची वाट आहे. जेथे पूर्वी स्वस्त तिकिटावर मँचेस्टरचा कामगार उतरत असे, तेथे जाण्यास आता मोटार बरी पडते. हक्क कागदावर आला आणि त्याच्यापर्यंत पोहोचवणारी गाडी काढून घेतली गेली. म्हणून दोष डोंगराच्या आवडीचा नाही. सार्वजनिक वाहतूक नफ्या-तोट्याच्या तागडीत तोलली, की हक्कही मोटारवाल्यांचाच होतो.

किंडरच्या उत्तरेला ग्लॉसॉप हे गिरण्यांचे छोटे गाव आहे. हेफील्डहून स्नेक इनकडे जाणारी 'स्नेक पाथ' ही पायवाट पादचाऱ्यांच्या संघटनेने १८९७ मध्येच मिळवली. या गावचा ग्लॉसॉप नॉर्थ एंड हा क्लब १८९९-१९०० च्या हंगामात इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला आणि पुढे 'नॉन-लीग' फुटबॉलमध्ये स्थिरावला. नॉन-लीग म्हणजे वरच्या चार व्यावसायिक श्रेण्यांखालचा शेकडो क्लबांचा विस्तीर्ण पिरॅमिड. तेथील सुखे साधी आहेत. प्रवेश काही पौंडांत मिळतो. कठड्याला टेकून उभे राहता येते आणि मध्यंतरानंतर आपला संघ ज्या गोलाकडे चाल करणार, त्या टोकाला चालत जाता येते. खेळाडू आठवडाभर नोकरी करणारे, चहाच्या खिडकीशी आणि गवत कापण्याच्या यंत्रामागे गावातलेच स्वयंसेवक. पंचाला घातलेली शिवी पंचाला ऐकू जाते, आणि बहुधा त्याचे उत्तरही मिळते! येथे प्रेक्षक हा ग्राहक नसतो; तो कार्याचा भागीदार असतो.

वरच्या मजल्यावर काय झाले ते पाहिले म्हणजे या भागीदारीचे मोल कळते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी निघाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा मूठभरांकडे वळला. २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला. तोपर्यंत कर्जमुक्त असलेल्या या क्लबवर त्याच्याच खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार टाकण्यात आला. ज्याला विकत घ्यायचे त्याच्याच खिशातून किंमत वसूल करायची, ही वित्तभांडवलाची करामत यापेक्षा स्वच्छ रूपात क्वचितच दिसेल. त्याच वर्षी संतप्त समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब काढला, 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व स्वीकारले, नॉन-लीगच्या तळापासून सुरुवात केली आणि २०१५ मध्ये स्वतःचे मैदान उभारले. त्याआधी २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तेथील समर्थकांनीही नवा क्लब स्थापून नऊ वर्षांत तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचवला. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला बरीचा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. एका गावाची सव्वाशे वर्षांची शनिवारची दुपार ताळेबंदात बुडाली. २०२३ मध्ये समर्थकांनी तो पुन्हा मैदानात आणला, तोही नॉन-लीगच्या खालच्या पायरीवर.

तथापि लहान म्हणजे पवित्र, असा भाबडेपणाही कामाचा नाही. ग्लॉसॉपला सर्वोच्च श्रेणीत नेणारा पैसा गिरणीमालक सॅम्युअल हिल-वुड यांचाच होता. लंडनच्या डलिच हॅम्लेट या नॉन-लीग क्लबला २०१८ मध्ये मैदानाच्या मालकीवरील वादात कित्येक महिने स्वतःच्याच मैदानाबाहेर राहावे लागले, कारण शहरातील मैदानाची जमीन इमारतींसाठी अधिक मोलाची असते. तेव्हा प्रश्न क्लबाच्या आकाराचा नसून मालकीचा आहे. २०२५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लब ही निव्वळ खासगी मालमत्ता नाही, याची ही शासकीय कबुलीच होय. पण हे नियमन वरच्या पाच श्रेण्यांपुरते आहे आणि त्याने मालकाला लगाम घातला तरी समर्थकाला मालक केलेले नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर डोंगरवाट आणि गावचे मैदान यांचे उपयोगमूल्य प्रचंड आणि विनिमयमूल्य जवळजवळ शून्य. माणूस बारा मैल चालून आला, याची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद होत नाही. त्याच डोंगराला कुंपण घालून तिकीट लावले की उत्पन्न वाढल्याचे दिसते. भांडवलाला न विकता येणारा आनंद सहन होत नाही. तो एकतर त्याचे कुंपण करतो, नाहीतर त्याच्या जागी इमला बांधतो. या आनंदाचे रक्षण म्हणूनच वर्गीय प्रश्न ठरते.

लँकेशायरच्या गिरण्यांशी ज्यांचे नाते वैराचे आणि सख्याचेही होते, त्या मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हेच सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी केलेल्या मागणीपुढे नमून गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. वेळ मिळाली, पण जागेचे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी पुनर्विकास होणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी राखण्याची तरतूद केली होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिस्सा केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता मोजण्याचे ठरले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली आणि गिरणगावाची संभाव्य मैदाने मॉल व मनोऱ्यांखाली गेली. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार घालवायचा कोठे, हा प्रश्न गिरणी कामगारांच्या नातवंडांपुढे उरला आहे.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. आपापल्या गावातील मैदान, टेकडी, गायरान आणि पायवाट यांचे सात-बारे तपासावेत. आरक्षणे कोणत्या ठरावाने उठवली गेली ते सभेत विचारावे. क्रीडामंडळाच्या घटनेत सभासदाला मत आहे की केवळ वर्गणी, हे पाहावे. पगारवाढीच्या सभेला जितकी माणसे जमवली जातात, तितकी मैदानावरील अतिक्रमणाविरुद्धही जमवावीत. आणि रविवारी एखादा सहकारी डोंगरावर किंवा सामन्याला गेला, तर त्याने चळवळीचा दिवस वाया घालवला असे समजू नये. तो दिवस त्याचा राहावा, यासाठीच चळवळ आहे.