खर्ज घरापुरता

कड्याहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचें हें गांव नगरच्या वाटेवर आहे, आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजीं नगर–आष्टी लोहमार्गावर गाडी धांवूं लागल्यापासून तेथें आगगाडीहि थांबते. मोठी खरेदी करावयाची म्हणजे नगर, आतांचें अहिल्यानगर, गांठावयाचें, अशी त्या बाजूची जुनी वहिवाट आहे. पत्राचा मथितार्थ असा : बैठकीच्या खोलींत चित्रपट पाहण्यासाठीं मोठा पडदा आला, त्याजोगे स्पीकर आले, आतां राहिला आहे तो सबवूफर. पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांचा आग्रह १२ इंची घ्यावा असा; यजमानांचें म्हणणें, असली धडधड घरांत मुळींच नको; आणि भिंतीपलीकडच्या खोलींत सासूबाई निजतात. "कोणता घ्यावा ?" असा बाईंचा सरळ प्रश्न आहे. हा वाद आज पुष्कळ सुशिक्षित घरांत चालूं असल्यामुळें त्याचें उत्तर आम्ही सर्वांसाठींच येथें देत आहों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. एका सेकंदांतील एका कंपनास हर्ट्झ म्हणतात. पैकीं सुमारें ८० हर्ट्झच्या खालचा प्रांत लहान स्पीकरांना पेलत नाहीं; तो ज्या पेटीकडे सोंपवितात तिचें नांव सबवूफर. मराठींत तिला खर्जाची पेटी म्हणावयास हरकत नाहीं. इतका खालचा ध्वनि कोणत्या दिशेनें आला हें कानास नीटसें कळत नाहीं. म्हणून एकच पेटी पुरते व ती पडद्याजवळच असली पाहिजे असेंहि नाहीं. चित्रपटगृहांत या खर्जाचें प्रस्थ वाढलें तें १९७४ सालच्या 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटापासून. त्यांतील भूकंप प्रेक्षकांस अंगीं जाणवावा म्हणून थिएटरांत प्रचंड स्पीकर आणून बसविले होते. आजच्या '५.१' या संज्ञेंतील शेवटचा एक म्हणजे अशा खालच्या परिणामांसाठीं राखलेला स्वतंत्र मार्ग होय.

आतां आपणांस किती खालीं जावयाचें आहे, हा हिशेब प्रत्येक घरानें आधीं करावा. आमच्या वाचकांच्या घरांत चित्रपटाइतकेंच गाणेंहि ऐकिलें जातें, म्हणून उदाहरण गाण्याचेंच घेऊं. काळी एक या स्वरांत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची जोडी सुमारें १३९ हर्ट्झवर मिळविलेली असते आणि खर्जाची तार तिच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. तंबोरा हें आपल्या मैफलींतील खोल आवाजाचें वाद्य. त्याची तळची मर्यादा ही! तेव्हां जी पेटी ३५ ते ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणें उतरते, ती घराण्याच्या गायकीस, डग्ग्याच्या घुमाऱ्यास व पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडासहि पुरून उरते. त्याखालचा प्रांत मुख्यत्वें स्फोट, विमानें आणि कोसळणारे डोंगर यांचा आहे. त्यांची हौस असूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या शेवटच्या १५-२० हर्ट्झांसाठींच सर्वांत जास्त पैसा पडतो, हें घरच्या जमाखर्चाच्या वहींत लिहून ठेवावें. कारण सरळ आहे. तोच आवाज निम्म्या वारंवारतेवर काढावयाचा तर पेटीस चौपट हवा ढकलावी लागते.

यानंतर खोलीचा विचार. दुकानांत सर्व खरेदी येथेंच फसते, कारण ग्राहक पेटी ऐकतो दुकानाच्या दालनांत आणि ती नेऊन ठेवतो आपल्या घरीं. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारें साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट भरते. बाईंची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच. भिंती जुन्या दगडी, माळवद काढून वर स्लॅब घातलेला. दगड व स्लॅब खर्जास पुष्कळसा परत खोलींत लोटतात. मग ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या मापाशीं नेमकी जुळते ती त्या दोन भिंतींमध्यें अडकून फुगते. १२ फुटांच्या लांबीस ही वारंवारता सुमारें ४७ हर्ट्झ, आणि १० फुटांच्या रुंदीस सुमारें ५७ हर्ट्झ. बाईंच्या खोलींत रुंदी व उंची सारखीच असल्यामुळें ५७ हर्ट्झचा घुमारा दोन्हीं बाजूंनीं एकदम उठणार. पेटी कितीहि किंमतीची असो, तो एक सूर ढोलाप्रमाणें वाजेल, त्याच्या शेजारचे सूर दबतील, आणि दोष मात्र पेटीस लागेल.

यावर भिंतींस फोम चिकटवावा, जाड पडदे लावावे, असा सल्ला पुष्कळजण देतात. त्यानें बोलण्याचा व टाळ्यांचा प्रतिध्वनि कमी होईल हें खरें. परंतु २८ फुटांच्या लाटेस दोन इंचांचा फोम काय अडविणार? खरा इलाज फुकटचा आहे, आणि तो म्हणजे पेटीची जागा. पेटी तात्पुरती आपण बसतों त्या आसनावर ठेवावी, खर्जाचें एखादें परिचित गाणें लावावें, आणि आपण स्वतः भिंतीच्या कडेनें जमिनीलगत रांगत जावें. जेथें खर्ज सम व स्वच्छ ऐकूं येईल तेथें पेटीची कायमची जागा. ध्वनि देणारा व ऐकणारा यांनीं जागा बदलल्या तरी परिणाम तोच राहतो, हा ध्वनिशास्त्राचा अन्योन्यतेचा नियम आहे. लॉर्ड रॅले यांच्या १८७७ सालीं निघूं लागलेल्या ध्वनिविषयक ग्रंथानें तो प्रसिद्धीस आणिला. घरांतील कर्त्या पुरुषानें रांगणें मुलांस मोठें मौजेचें वाटेल, पण या अर्ध्या तासानें जें साधतें तें दुप्पट पैशानें साधत नाहीं. सर्वसाधारणपणें अगदीं कोपऱ्यांत ठेविलेली पेटी मोठ्यानें बोलते पण गढूळ बोलते. आपलें आसनहि पाठीमागच्या भिंतीस चिकटून अथवा खोलीच्या नेमक्या मध्यावर नसावें.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक बंद व दुसरी पोर्टची, म्हणजे भोंक ठेविलेली. पोर्टची पेटी तेवढ्याच विजेंत एका ठराविक सुरापर्यंत अधिक जोर देते. पण त्याखालीं तिचा आवाज एकाएकीं ढांसळतो. बंद पेटीचा उतार सौम्य असतो. शिवाय लहान, पक्क्या भिंतींच्या, दारें लावलेल्या खोलींत अगदीं खालच्या सुरांस खोलीच जोर पुरविते. हा चढ आणि बंद पेटीचा उतार एकमेकांस बरेचसे भरून काढतात. म्हणून लहान खोलीस बंद पेटी अधिक मानवते. उन्हाळ्यांत दारें-खिडक्या उघड्या टाकिल्या म्हणजे हा फायदा कमी होतो, तेवढें ध्यानांत ठेवावें.

आकाराविषयीं बोलावयाचें तर १२ इंची पडद्याचें क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असतें, म्हणजे चिरंजीवांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. मोठा दिवाणखाना असता तर आम्हीहि त्यांचीच बाजू घेतली असती. परंतु १२० चौरस फुटांत ८ इंची, फार तर १० इंची पेटी पुरेशी आहे. वॅटच्या आंकड्यांनीं तर कोणीं भुलूंच नये. पीएमपीओ म्हणून छापलेले हजारोंचे आंकडे क्षणिक उसळीचे व बहुधा जाहिरातीचे असतात. आरएमएस म्हणून दिलेला आंकडा तेवढा पाहावा. २०० वॅटचे ४०० केले तरी आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, आणि तो कानास दुप्पट मुळींच वाटत नाहीं. पेटींत स्वतःचा अॅम्प्लिफायर असावा. पाठीमागें तीन कळा असाव्या : आवाजाची, क्रॉसओव्हरची व फेजची. क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या सुरापासून खालचें काम पेटीनें घ्यावें ती सीमा; ती ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावी. फेजची कळ दोन्ही बाजूंस फिरवून ज्या स्थितींत खर्ज भरीव लागेल तेथें सोडावी. वीज कमी-अधिक दाबानें येत असेल तर स्टॅबिलायझरची जोड द्यावी. पेटी बिघडल्यास दुरुस्ती नगरास होईल कीं पुण्यास पाठवावी लागेल, हेंहि पावती फाडण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

येथपर्यंतचा भाग यंत्राचा झाला. परंतु पत्रांत आम्हांस महत्त्वाची वाटली ती ओळ सासूबाईंची. उंच सूर भिंत बऱ्याच अंशीं अडविते. खर्जास मात्र ती अडवूं शकत नाहीं. त्यामुळें पलीकडच्या खोलींत संवाद, गाणें, विनोद यांतील कांहींच पोंचत नाहीं. पोंचते ती केवळ धडधड. अर्थावांचून आलेला आवाज मनुष्यास फार लागतो. आमच्या मराठवाड्यांत ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणारीं माणसें अजून घरोघर आहेत. अर्धवट झोपेंत खाट थरथरली आणि फडताळांतील भांडीं किणकिणलीं, तर त्यांनीं काय समजावें ? बैठकींतल्या मंडळींस हा पडद्यावरचा भूकंप आहे हें ठाऊक असतें. भिंतीपलीकडच्या वृद्धेस तें ठाऊक नसतें.

कायद्याचा आधारहि येथें अपुरा पडतो. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांनीं रहिवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. पण ही मोजणी कानाच्या संवेदनेस अनुसरून केलेली असते व तींत ५० हर्ट्झच्या ध्वनींतून सुमारें ३० डेसिबल वजा धरिले जातात. म्हणजे मापकावर निर्दोष ठरलेला खर्ज शेजाऱ्याची झोंप खुशाल मोडूं शकतो. जेथें नियम संपतो तेथून शिष्टाचार सुरू होतो, आणि सामाईक भिंतीचीं घरें असलेल्या गांवांत तर तो विशेष पाळला पाहिजे.

रात्रीच्या वेळीं आणखी एक फसगत होते. हळू आवाजांत मनुष्याचा कान खर्जास जवळजवळ बहिरा असतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं हें १९३३ सालीं मोजून दाखविलें. मंद आवाजांत ५० हर्ट्झचा सूर मधल्या सुराइतका वाटावयास तो ३० डेसिबलांहूनहि अधिक जोरानें वाजवावा लागतो. म्हणून आवाज कमी केला कीं चित्रपट पोकळ वाटूं लागतो, आणि हात आपोआप सबवूफरच्या कळीकडे जातो. तो आवरावा. बहुतेक रिसीव्हरांत रात्रीसाठीं मोठे-लहान आवाज जवळ आणणारी सोय असते, तिचा उपयोग करावा आणि १० वाजल्यानंतर सबवूफर सरळ बंद ठेवावा.

तात्पर्य, आमचें मत असें. बाईंनीं बंद प्रकारची ८ इंची, आणि हौस व पैसा असल्यास १० इंची पेटी घ्यावी. उरलेले पैसे पुढच्या स्पीकरांवर, विशेषतः संवाद ज्यांतून येतात त्या मधल्या स्पीकरावर खर्चावे. पेटी सासूबाईंच्या भिंतीस टेकवूं नये व तिच्या पायांखालीं रबराच्या जाड चकत्या घालाव्या. यानें हवेंतून जाणारा खर्ज थांबणार नाहीं, पण पेटीचा कंप भिंतींत व फरशींत उतरणें कमी होईल. सासूबाईंची खाट कोपऱ्यांत असल्यास ती दोन-तीन हात पुढें ओढावी, कारण खर्ज जोरानें सांठतो तो भिंतींशीं व कोपऱ्यांतच. मग एकानें त्या खाटेवर बसावें, दुसऱ्यानें कळ हळूहळू वाढवावी, आणि खाटेवरच्यास धडधड जाणवूं लागली कीं तेथून कळ थोडी मागें घ्यावी. घराची मर्यादा ती. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनें कसोटी एकच : पेटी चालूं आहे हें कोणास कळूं नये, आणि बंद केली म्हणजे मात्र कांहीं उणें झाल्याची जाणीव सर्वांस व्हावी. चिरंजीवांस हें पटत नसल्यास त्यांनीं सुट्टींत घरीं येऊन कळ ठरवितांना स्वतःच त्या खाटेवर बसावें. आम्हांस वाटतें, मग १२ इंचांचा आग्रह ते आपण होऊनच सोडतील.