‘तेच’ म्हणजे काय?



पोळा झाला की आमच्या यवतमाळकडे पऱ्हाटीवरच्या फवारणीची घाई सुरू होते. घरात जे बोलणं चालतं तेच मुलांच्या दप्तराबरोबर शाळेत येतं. परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, बाबानं यंदा दुसऱ्या कंपनीचं औषध आणलं. मामा म्हणते, नाव दुसरं हाये पण औषध तेच हाये. ‘तेच’ म्हंजे काय?”

प्रश्न लहान, पण मी चटकन उत्तर देऊ शकले नाही. आधी मी त्याला एवढंच म्हटलं, “अरे, ते औषध नाही, विष आहे. किडीला मारणारं आणि माणसालाही मारू शकणारं.” मग ‘तेच’ कसं ओळखायचं, हे शोधायला मी बसले. जे सापडलं ते आज तुम्हांला सांगते.

त्याआधी माझीच एक फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गाच्या यादीत एक मूल जास्त भरत होतं. तीनदा मोजलं. डोकी बत्तीस आणि नावं तेहेतीस! शेवटी उलगडा झाला. एका यादीत ‘गुड्डू’ होता आणि दुसऱ्या यादीत त्याचंच जन्मदाखल्यावरचं भारदस्त नाव. मी दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि एका मुलाची दोन मुलं झाली. गुड्डूला समोर उभं केलं तेव्हा कुठे हिशेब जुळला.

पदार्थांचंही असंच होतं. बाजारातली नावं दहा असतात, पण आतला रेणू एकच असतो. तो रेणू समोर उभा करता आला की ‘तेच’ आहे की नाही, ते कळतं.

रेणू म्हणजे एकमेकांचे हात धरून उभे राहिलेले अणू. कार्बनला चार हात, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एकच. फळ्यावर हे चित्र काढता येतं, पण लाखो चित्रं शोधायची आणि ताडून बघायची तर संगणकाला ती अक्षरांत द्यायला हवीत. 1980 च्या दशकात डेव्हिड वाइनिंगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं रेणू एका ओळीत लिहायची युक्ती काढली. तिचं नाव ‘स्माइल्स’. कार्बनला सी, नायट्रोजनला एन, ऑक्सिजनला ओ. हायड्रोजन बहुधा लिहायचाच नाही. जे हात रिकामे उरतील ते हायड्रोजननं धरलेत, असं समजायचं. दोन हातांनी धरलं असेल तर बरोबरचं चिन्ह, आणि बाजूला फुटलेली फांदी कंसात. संगणकावर ही अक्षरं रोमन लिपीत टाइप करतात. इथे मी ती आपल्या लिपीत लिहिते.

पाणी कसं लिहायचं? नुसतं ‘ओ’! दोन हात रिकामे, म्हणजे दोन हायड्रोजन. आणि आपल्या घराच्या पडवीत पोत्यांनी रचलेला युरिया? तो असा:

एन सी (=ओ) एन

मधला कार्बन दोन हातांनी ऑक्सिजनला धरून आहे, उरलेल्या दोन हातांनी दोन नायट्रोजनना. प्रत्येक नायट्रोजनचे दोन हात उरले, म्हणून एकूण हायड्रोजन चार. बोटांवर मोजून बघा बरं!

आता गंमत अशी की एकच रेणू दोन्ही टोकांकडून लिहिता येतो. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल कुणी ‘सी सी (=ओ) ओ’ असं लिहील, कुणी ‘ओ सी (=ओ) सी’ असं. दोन्ही बरोबरच, पण यादीत पुन्हा गुड्डूसारखा घोळ! म्हणून संगणकाचा प्रोग्रॅम ठरलेल्या नियमानं प्रत्येक रेणूची एकच पक्की ओळ तयार करतो. दोन नावांच्या पक्क्या ओळी जुळल्या, की पदार्थ तोच.

असे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ‘ओपन बॅबेल’ हा त्यातला एक. रेणूंची माहिती साठवायच्या शंभराहून अधिक पद्धती आहेत. एका पद्धतीतली माहिती दुसरीत नेणारा हा जणू दुभाष्याच. दुसरा ‘आरडीकिट’. ग्रेग लँड्रम यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम 2006 पासून सर्वांसाठी खुला आहे. खुला म्हणजे कसा? शेजारच्या काकू नुसता लाडू हातावर ठेवत नाहीत, लाडू कसा वळला तेही सांगतात, आणि “तुझ्या घरी गूळ जास्त लागत असेल तर घाल बापा,” असंही म्हणतात. तसंच हे. प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते कुणीही वाचावं, चूक सापडली तर कळवावी, सुधारणा करावी. आणि हे काम परदेशातच चालतं असं नाही बरं का! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एम. कार्तिकेयन आणि रेणू व्यास या शास्त्रज्ञांनी रेणूंच्या माहितीशास्त्रावर लिहिलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक 2014 साली प्रसिद्ध झालं आहे.

मी डी.एड. झालेली बाई, माझं रसायनशास्त्र बारावीपाशी थांबलेलं. पण फार्मसीला शिकणारा माझा भाचा रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि आम्ही दोघं आरडीकिट घेऊन बसलो. आधी युरियाची ओळ दिली आणि वजन विचारलं. उत्तर आलं 60.06. “मावशी, खरं की खोटं ते तू ठरव,” भाचा म्हणाला. मी कागदावर मांडलं: कार्बन 12, चार हायड्रोजन 4, दोन नायट्रोजन 28, ऑक्सिजन 16. बेरीज 60. जुळलं! मग 60 पैकी 28 म्हणजे शेकडा किती? साधारण साडेसेहेचाळीस. मी उठून पडवीतलं पोतं पाहिलं. त्यावर छापलेलं होतं, नायट्रोजन 46 टक्के. म्हणजे 45 किलोच्या पोत्यात नायट्रोजन जेमतेम पावणेएकवीस किलो. उरलेली भेसळ नव्हे हं, ते त्याच रेणूतले कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन!

मग आम्ही त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळलो. आमच्या भागात कानावर पडणारी सहा कीटकनाशकं घेतली: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, सायपरमेथ्रिन, डायफेन्थियुरॉन आणि इमिडाक्लोप्रिड. ही कंपन्यांनी दिलेली नावं नव्हेत, आतल्या रेणूंची नावं आहेत. डब्यावर ती बहुधा बारीक अक्षरांत असतात. ‘पबकेम’ नावाच्या, 2004 पासून सर्वांना खुल्या असलेल्या अमेरिकी संग्रहातून सहाही ओळी मिळाल्या. त्यात दोन तणनाशक-खतांची भर घातली: ग्लायफोसेट आणि डीएपी.

प्रोग्रॅमला विचारलं, यांत फॉस्फरस कुणात आहे? उत्तर आलं पाच. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, पण त्यांच्याबरोबर ग्लायफोसेट आणि डीएपीसुद्धा! आमचा प्रश्नच ढोबळ होता. भाच्यानं प्रश्न नीट केला: फॉस्फरसला दोन हातांनी धरलेला एक ऑक्सिजन हवा, आणि दुसऱ्या ऑक्सिजनच्या पलीकडे कार्बन हवा. आता तीनच उरले, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि अ‍ॅसिफेट. डब्यांवरची चित्रं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण ही तिन्ही एकाच घराण्यातली. या घराण्याला ऑर्गनोफॉस्फरस म्हणतात.

घराणं कळून काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. ऐका.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं दगावली. त्या हंगामात आमच्या शेजारचे काकाजी संध्याकाळी शेतातून आले ते घामानं निथळत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय फवारलं?” घरचे म्हणाले, “निळ्या झाकनाचं.” दुसरं काही कुणाला सांगता येईना. डबा धुऱ्यावरच राहिला होता. डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखलं आणि काकाजी वाचले. पण तो “काय फवारलं?” माझ्या कानात अजून आहे.

ऑर्गनोफॉस्फरस घराण्याची विषं आपल्या शरीरातल्या एका महत्त्वाच्या विकराला बंद पाडतात. नसांकडून स्नायूंकडे निरोप गेला की तो पुसून टाकणं हे या विकराचं काम. निरोप पुसलाच गेला नाही तर घाम, लाळ थांबत नाही, स्नायू थरथरतात, श्वास अडतो. त्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. आमच्या यादीतल्या सायपरमेथ्रिन, डायफेन्थियुरॉन आणि इमिडाक्लोप्रिड यांच्यावर मात्र असा ठरलेला उतारा नाही. तिथे लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. म्हणून आतल्या रेणूचं नाव डॉक्टरांच्या हाती लवकर पडलं तर तेवढा वेळ वाचतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. प्रोग्रॅम डॉक्टर नाही. आम्ही विचारलेला फॉस्फरसचा तुकडा आपल्या शरीरातल्या काही उपयोगी रेणूंतही असतो! तो सापडला म्हणजे विषच, असं नाही. आणि सापडला नाही म्हणजे डबा निर्धोक, असं तर मुळीच नाही. प्रोग्रॅम ताडून बघतो. अर्थ लावायचं काम शिकलेल्या माणसाचं.

आता तुमचं काम. डब्याला हात लावायचा नाही, रिकामा असला तरी नाही. लांबून वाचायचं, नाहीतर आई-बाबांना वाचून दाखवायला सांगायचं. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कंपनीनं दिलेलं नाव, आतल्या रेणूचं नाव आणि डब्यावरच्या त्रिकोणी खुणेचा रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा आणि हिरवा. मोनोक्रोटोफॉस लाल खुणेतलं आहे. हिरवा रंग म्हणजे पिण्याजोगं, असं समजू नका हं!

आई-बाबांना माझी विनंती: फवारणी झाली तरी लेबल फाडून टाकू नका, आणि दोन-तीन विषं एकत्र कालवू नका. चक्कर, घाम, उलटी असं काही वाटलं तर काम तिथेच थांबवा, कपडे बदला, साबणानं अंग धुवा आणि 108 क्रमांकाला फोन करा. दवाखान्यात जाताना लेबल किंवा त्याचा फोटो बरोबर न्या. तुमच्या मुलाची वही नेलीत तरी चालेल.

त्या चौथीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यानं बाबांकडून दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं उतरवून आणली होती. कंपन्या दोन, रेणूचं नाव एकच. “म्हंजे मामा खरं बोलला!” तो म्हणाला, आणि थोडं थांबून, “बाई, खुणेचा रंग बी लालच हाये. मी बाबाले सांगतो.”

जाता जाता एक कोडं. अमोनियम सल्फेट या खताच्या रेणूत नायट्रोजन 2, हायड्रोजन 8, ऑक्सिजन 4 आणि गंधक 1 असतो. गंधकाचं वजन 32 धरा. या खतात नायट्रोजन शेकडा किती? हिशेबासकट उत्तर पाठवा. पुढच्या आठवड्यात ताडून पाहू.

तुमची,
बाई