लालबागमध्ये बेण्याचा बाजार



गेल्या जिल्हा बैठकीत मी एक सूचना मांडली आणि सभेत हशा पिकला. सूचना अशी होती : येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपण मुंबईत, लालबाग-परळ भागात, बटाट्याच्या बेण्याचा एक दिवसाचा बाजार भरवावा. चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, कुंडीत भाजी लावणारी माणसे गिऱ्हाईक. एक कापूसवाले भाऊ उठून म्हणाले, "भाऊ, कापसाले भाव नाही, अन् तुम्ही ममईच्या कुंड्यात बटाटे लावाले निघाले!" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला हा लेख.

पहिली गोष्ट, मागणी आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे झाडे, फुले आणि भाजीपाल्याचे प्रदर्शन भरते, तिथे गर्दी मावत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर २००२ पासून भाजी पिकवून दाखवली गेली. पण अशा हौशी माणसाला बटाटा लावायचा असेल तर तो भाजीवाल्याकडून पावशेर आणतो आणि मातीत पुरतो. तो बटाटा कोणत्या वाणाचा, त्यात कोणता रोग, कोणालाच ठाऊक नसते. कित्येकदा कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर शीतगृहात औषधही मारलेले असते. मग उगवले नाही की दोष मातीला. ब्रिटनमध्ये दर हिवाळ्याच्या अखेरीस गावोगाव 'बटाटा दिवस' भरतात. तिथे परसबागवाले एकेक कंद मोजून, वाण विचारून बेणे घेतात. आपल्याकडे ते का होऊ नये?

दुसरी गोष्ट, खोटे आश्वासन द्यायचे नाही. बटाटा पोसायला रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली लागते. मुंबईत ते डिसेंबर-जानेवारीत जेमतेम मिळते. म्हणून लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच. कुफरी पुखराजसारखा लवकर येणारा वाण, ३० ते ५० ग्रॅमचा अखंड कंद, डोळ्यांना आखूड जाड कोंब आलेला. गोणपाटाच्या पोत्यात अर्धी माती, अर्धे कुजलेले खत, आणि रोप वाढेल तशी वरून भर. फेब्रुवारीत काढणी. उत्पादन थोडे येईल, हे बाजाराच्या फलकावरच लिहायचे.

आता मुद्द्याचे. हे बेणे येणार कुठून? आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. पण तो सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो आणि नव्या कंदाला दोन-अडीच महिने झोप असते. नोव्हेंबरात त्याला कोंब नसतात. लागणीला तयार बेणे म्हणजे पंजाबात उन्हाळ्याआधी निघालेले आणि शीतगृहात ठेवलेले. ते मंचरच्या बाजारात येते. पंजाबच का? मावा कीड विषाणू पसरवते. ती वाढायच्या आत पीक काढून निरोगी बेणे करण्याची रीत सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बसवली. डोंगरातले बेणे त्यामुळे सपाटीवर होऊ लागले. आज बटाटा लावणाऱ्याच्या खर्चात ४० ते ५० टक्के एकट्या बेण्याचा असतो. भाजीचा बटाटा आणि बेण्याचा बटाटा दिसायला एकच. निवड, निगा आणि जबाबदारी यांची किंमत तेवढी वेगळी.

कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको. आपली सरकी घाण्यालाही जात होती आणि पेरायलाही. बाप सरकी राखून ठेवत होता. १९७० साली सुरतेहून एच-४ ही संकरित कपाशी आली, पुढे २००२ मध्ये बीटी आली. उत्पादन वाढले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दरवर्षी बियाणे विकत घेणे आले आणि बियाणे करण्याची विद्या घरातून गेली. ज्वारीत ती अजून आहे. मालदांडीची टपोरी कणसे निवडून वेगळी ठेवणारी आजी गावोगाव सापडेल. तिला आपण बियाणे उत्पादक म्हणत नाही, एवढेच.

कायदा काय म्हणतो? २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ सांगते की शेतकरी आपल्या शेतातले बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. छापील नावाचे, ब्रँडचे बियाणे मात्र नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींकडे कोटीच्या वर भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर मे महिन्यात ते दावे मागे घेतले. त्या वेळी शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम पुढे केले गेले.

पण हेच कलम असेही म्हणते, की हा हक्क पूर्वी होता तसाच राहील. पूर्वी कसा होता? १९६६ च्या बियाणे कायद्याचे कलम २४ पाहा. स्वतः पिकवलेले बियाणे शेतकऱ्याने स्वतःच्या जागेवर, पेरणाऱ्याला थेट विकले तर त्याला हा कायदा लागू नाही. 'स्वतःच्या जागेवर' हे शब्द पुन्हा वाचा. बांधावर विकले तर सूट. तीच मालदांडी एसटीत घालून लालबागला नेली की सूट संपली. आपले स्वातंत्र्य धुऱ्यापर्यंतच आहे!

म्हणून माझी योजना दुहेरी आहे. बटाट्याचे बेणे परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसह. पहिल्या वर्षी दोनच क्विंटल. ४० ग्रॅमचा कंद धरला तर पाच हजार कंद. माणशी अर्धा किलो दिले तर ४०० गिऱ्हाइके. उरलेले बेणे भाजीत घालायचे नाही, त्याला बुरशीनाशक लावलेले असू शकते. शेजारी दुसरे टेबल आपले. त्यावर ज्वारी, तूर, अंबाडी, गवार. प्रत्येकापुढे गाव आणि पिकवणाऱ्याचे नाव. आणि एक फलक : 'हे बियाणे आमच्या शेतात येऊन घेता येते. इथे विकायला कायद्याची सूट नाही.' शहरातल्या माणसाला शेतकऱ्याची बेडी एवढ्या सोप्या भाषेत कोणी दाखवलेली नाही.

आपला कापूस या भागातल्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गेला. गाठी गेल्या, कापूसवाला कधी गेला नाही. भाव कोणी पाडला आणि सूत कोणी विकले हे त्याला दुसऱ्याने सांगितले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, कामगार देशोधडीला लागला, आणि त्याचेही दुःख आपल्याला वर्तमानपत्रातूनच कळले. आता तिथे जायचे तर मोर्चासाठीच का? एकदा विकणारा म्हणून जाऊ.

आणि विकणारा म्हणून जायचे तर विकणाऱ्याचे ओझेही घ्यावे लागेल. नासके बियाणे मिळाले की आपण कृषी केंद्राच्या दारात ठिय्या देतो. उद्या आपल्या नावाच्या ज्वारीवर कोणी तसा जाब विचारला तर? म्हणून टेबलावर जाणारे प्रत्येक बियाणे आधी ओल्या गोणपाटात तपासायचे. ज्वारीचे १०० दाणे मोजून ठेवा. ७५ पेक्षा कमी उगवले तर ती पिशवी घरीच राहील. कायद्याकडे आपली मागणी एवढीच असावी : 'स्वतःच्या जागेवर' या शब्दांऐवजी 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे लिहा. ती जबाबदारी पेलता येते हे आधी आपण दाखवले तर ही मागणी कोणी हसण्यावारी नेणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक किलो निवडलेले बियाणे आणि उगवणीचा आकडा कागदावर लिहून आणावा. कुंड्यांवर हसणाऱ्या त्या भाऊंना माझी खास विनंती आहे : तुमच्या घरी आजीने ठेवलेली ज्वारी असेल. पहिली पिशवी तुमची येऊ द्या.