काटकसरीची प्रवचने

मंदीची चाहूल लागली की आपल्या वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांना एक ठरावीक कंठ फुटतो. घाबरून विकू नका. दरमहा नेमाने गुंतवीत राहा. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड बाजूला ठेवा, क्रेडिट कार्ड कपाटात टाका, हॉटेलात जाणे कमी करा आणि बाजार सावरेपर्यंत धीर धरा. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काही काळ आठ हजारांच्याही खाली गेला, तेव्हा हे लिहिले गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाही शब्द फारसे बदलले नाहीत. हा सल्ला खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. २००८ साली ज्याने धीर धरला त्याचे पैसे पुढे वाढले, हे खरेच आहे. माझी हरकत व्याकरणाची आहे. या सगळ्या आज्ञार्थी वाक्यांचा अध्याहृत कर्ता कोण?

'तुम्ही' हा तो कर्ता, आणि 'तुम्ही' म्हणजे एक तारखेला पगार होणारा माणूस. त्याच्यासाठी मंदी ही बाहेरून येणारी आणि काही काळाने निघून जाणारी गोष्ट असते, वादळासारखी. खिडक्या लावून बसले की झाले. ज्याला खिडक्याच नाहीत त्याचा या वाक्यरचनेत समावेश नाही. तरीही प्रवचन मात्र सर्वांना एकच दिले जाते, आणि ते पाळता आले नाही की दोष ऐकणाऱ्याच्या चारित्र्यावर येतो.

मी ज्या कारंज्याविषयी लिहितो आहे ते वर्धा जिल्ह्यातले, घाडग्यांचे. (लाडांचे कारंजे वाशीम जिल्ह्यात. नवख्या माणसाला हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते.) नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशी, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तेथे संत्रा. इथली गुंतवणूक जूनमध्ये होते, आणि बहुतेक सगळी एकदमच. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी. पैसा पीककर्जातून येतो. ते वेळेवर मिळाले नाही तर कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून. तीही पुरली नाही तर सावकाराकडून, किंवा घरातला एखादा डाग गहाण टाकून. पेरणी झाल्यावर पावसाने पंधरा-वीस दिवसांचा खंड दिला की दुबार पेरणी आली. म्हणजे मुद्दल मातीत गेले आणि तितकेच मुद्दल चार-आठ दिवसांत पुन्हा उभे करायचे. धीर धरण्याची सोय येथे नाही, कारण मृग आणि आर्द्रा धीर धरत नाहीत.

संत्र्याचे गणित आणखी निराळे. फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला ठोक सौद्याने दिली जाते. थोडा इसार हातात पडतो. पुढे भाव उतरले तर व्यापारी इसारावर पाणी सोडतो आणि बागेकडे फिरकत नाही. गळून पडलेल्या फळांचा सडा मालकाने मोजावा. २०१९ नंतर बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क चढवीत नेले आणि वैदर्भी संत्र्याचे एक मोठे गिऱ्हाईक हातचे निसटले. ही कारंज्याची मंदी. तिची बातमी अर्थविषयक पुरवणीत आली नाही, आतल्या पानावर 'विदर्भ' या सदराखाली आली.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात 'आर्थिक साक्षरता' या विषयावर एक व्याख्यान ऐकले. वक्ते हुशार होते, मराठीही चांगले बोलत. दरमहा पाच हजार रुपये वीस वर्षे गुंतवल्यास काय होते याचा आलेख त्यांनी पडद्यावर दाखवला. रेषा डावीकडून उजवीकडे सुरेख चढत गेली. माझ्या शेजारी तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा एक तरुण सहकारी बसला होता. नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला. त्याचे मानधन दिवाळीनंतर येणार होते, म्हणजे जुलैपासूनचे. त्याने वहीत आलेख उतरवून घेतला. नंतर चहा घेताना एवढेच म्हणाला, "सर, तो आडवा अक्ष महिन्यांचा होता. आमचा अक्ष सत्रांचा आहे."

त्या व्याख्यानात सोन्यावरही टीका झाली. सोने ही अनुत्पादक गुंतवणूक, भारतीय बायकांचा हव्यास, वगैरे. इतिहास थोडा वेगळे सांगतो. १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सारा आणि व्याज मात्र तसेच राहिले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, सोन्याचा रुपयातला भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतून सोने बाहेर पडू लागले. पुढची काही वर्षे ते जहाजे भरभरून देशाबाहेर गेले. ते विकणाऱ्यांना नफा कमवायचा नव्हता. सारा भरायचा होता, देणे फेडायचे होते. या देशातल्या शेतकरी बाईने आपली बचत गळ्यात आणि हातात ठेवली, कारण ती ठेवायला दुसरी विश्वासाची जागा तिला कोणी दिली नव्हती. त्या हव्यासानेच तिच्या घरच्यांना मंदीतून जगवले.

आता 'उधळपट्टी' या शब्दाकडे वळतो. विदर्भातल्या आत्महत्यांची चर्चा सुरू झाली तेव्हा लग्नातला खर्च आणि दारू ही दोन कारणे किती सहज पुढे केली गेली, हे अनेकांना आठवत असेल. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात वर्धा होताच. २००८ च्या अर्थसंकल्पात कर्जमाफी आली. संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्यावर जमीन असलेल्याने पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्क्यांची सूट. कोरडवाहू वऱ्हाडात आणि वर्ध्यात तीन-चार हेक्टरांचा धनीही फाटकाच असतो, ही गोष्ट दिल्लीत कोणाच्या ध्यानी आली नाही. सावकाराचे देणे तर हिशेबातच नव्हते. तरी पॅकेज देऊनही हे सुधारत नाहीत, लग्ने कशी थाटात करतात पाहा, हा सूर आपल्या स्टाफरूममध्येही मी ऐकला आहे.

हा आरोप जुना आहे, आणि त्याचे उत्तरही जुने आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेही लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे नोंदवले होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरे केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर या आरोपाचा समाचारच घेतला. शेतकऱ्याच्या घरचे लग्न प्रत्यक्षात कसे होते, काय खातात, काय नेसतात, हे त्यांनी मांडून दाखवले. तो ग्रंथ आपण अभ्यासक्रमात लावतो, त्याच्या भाषाशैलीवर दहा गुणांचा प्रश्न विचारतो आणि चहाच्या वेळी नेमके तेच बोलतो ज्याला तो ग्रंथ उत्तर देत होता.

उधळपट्टीचा खरा दाखला हवा असेल तर तो याच जिल्ह्यात आहे. २००० च्या सुमारास 'होम ट्रेड' नावाची एक दलाल कंपनी अवतरली. क्रिकेट आणि हिंदी चित्रपटांतले सर्वांत मोठे चेहरे तिच्या जाहिरातींत होते. नागपूर आणि वर्धा या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी या कंपनीमार्फत पैसे लावले. सरकारी रोख्यांइतकी सुरक्षित गुंतवणूक दुसरी नाही, असे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगेल. पैसे गेले आणि रोखे हाती पडले नाहीत. २००२ मध्ये हे उघड झाले. नागपूरच्या प्रकरणात शिक्षा सुनावली गेली ती डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी.

वर्ध्याच्या बँकेची पुढची वाताहत एकट्या त्या व्यवहाराने झाली असे नव्हे. थकलेली कर्जे होती, आणि कर्जे थकण्याची कारणे वर आलीच आहेत. पण २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने चार राज्यांतल्या २३ आजारी जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली तेव्हा महाराष्ट्रातल्या त्या तीन बँका तीत होत्या. मधल्या काळात ठेवीदारांनी स्वतःचेच पैसे मागण्यासाठी खेटे घातले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, आजारपणासाठी ठेवलेले, निवृत्तीनंतर एकरकमी मिळालेले पैसे. या लोकांनी सांगितलेले सारे केले होते. हॉटेलात गेले नव्हते, सट्टा खेळले नव्हते, बचत करून ती सहकारी बँकेत ठेवली होती. त्यांच्या वाट्याला आलेल्या नुकसानीला मराठीत 'बुडीत' म्हणतात, 'अनियमितता' म्हणतात, 'घोटाळा'ही म्हणतात. 'उधळपट्टी' हा शब्द मात्र आपण कारंज्याच्या लग्नमांडवासाठी राखून ठेवलेला आहे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही वर्धा जिल्ह्यात बसून काटकसरीची निंदा करता, सेवाग्रामचे काय? प्रश्न योग्य आहे. गांधी शेगावला राहायला आले ते १९३६ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनमध्ये केन्सचा 'जनरल थिअरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मंदीत प्रत्येकाने खर्च आखडला तर सर्वांचेच उत्पन्न घटते आणि बचत काही वाढत नाही, असे त्याचे म्हणणे. गांधींचे म्हणणे अगदी दुसऱ्या टोकाचे. पण ते कोणाला उद्देशून होते हे पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे आहे त्याने कमीवर राहावे, असा तो आग्रह होता. शेगावच्या उपाशी माणसाला त्यांनी उपवास शिकवला नाही; त्याच्या हाताला काम कसे मिळेल यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्यामागे लागले होते. आपल्या काळाने या दोघांचीही सोयीस्कर वाटणी केली आहे. गांधी गरिबाला सांगायचा, केन्स मध्यमवर्गाला. कारंज्याने काटकसर करावी आणि पुण्याने गाडी बदलावी, म्हणजे अर्थव्यवस्था चालते.

ही वाटणी किती निर्लज्जपणे होते याचे उदाहरण ताजे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका वैदर्भी कापूस बाजारात येण्याचा काळ. त्यानंतर महिन्याभराने, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे दर उतरले आणि त्याला नाव मिळाले 'बचत उत्सव'. दर उतरले याबद्दल तक्रार नाही; साबण, तेल कारंज्यातही लागते. मी शब्दाविषयी बोलतो आहे. मोटार, दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्र विकत घेणे याला ज्या दिवशी 'बचत' हा शब्द लागू झाला, त्या दिवशी मराठीच्या किती अध्यापकांनी भुवई उंचावली? अनुस्वारावरून आपण महिनोन्महिने भांडलो आहोत.

अध्यापकांनी मौन पाळावे याचेही एक कारण आहे, आणि ते मला लागू आहे. जुन्या निवृत्तिवेतनाच्या पिढीतले आम्ही. जगात मंदी होती तेव्हा, २००९ च्या सुमारास, सहाव्या वेतन आयोगाचे वेतन आणि थकबाकी आमच्या पदरात पडत होती. आमच्या धैर्याचा आणि दीर्घकालीन दृष्टीचा उगम तिथे आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्या सहकाऱ्यांचे निवृत्तिवेतन मात्र अंशदायी झाले, बाजाराशी बांधले गेले. मार्च २०२३ मध्ये तेच जुन्या योजनेसाठी संपावर गेले, तेव्हा कपाशीचा भाव आपल्या हाती नसणे म्हणजे काय हे त्यांना थोडेसे तरी कळले असावे. आणि तासिका तत्त्वावरचा माझा तरुण मित्र तर जूनमध्ये पेरून दिवाळीनंतर काय हाती येते याची वाट पाहणारा शेतकरीच आहे. फक्त त्याला पीककर्ज मिळत नाही.

मग काटकसर शिकवूच नये काय? मी ती वीस वर्षे शिकवली आहे. निबंधाचा तो हुकमी विषय: 'काटकसरीचे महत्त्व'. थेंबे थेंबे तळे, मुंगी, मधमाशी. एका वर्षी कारंजा तालुक्यातल्या एका मुलीने मुंगी सोडून भलतेच लिहिले होते. आईची पोत दर जूनमध्ये गहाण जाते आणि कापूस विकला की परत येते, मागच्या वर्षी ती आली नाही, असे काहीसे. शेवटी काटकसरीबद्दल एकच वाक्य होते, बहुधा मला बरे वाटावे म्हणून. मी 'विषयांतर' असा शेरा मारून दहापैकी चार गुण दिले. या सत्रात तो विषय देणार नाही. घरातला जून ते मे असा एका वर्षाचा जमाखर्च, आकड्यांसह आणि पूर्ण वाक्यांत, लिहून आणायला सांगणार आहे. माझा स्वतःचा आधी वाचून दाखवीन. त्यात २००९ चे पानही असेल.