घोड्याचा खुराक : आधी चारा, मग डबा

घोडा ही आता फक्त शौकिनांची चीज राहिली आहे, असे पुष्कळांना वाटते. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या, हे खरे. पण माथेरानच्या डोंगरावर आजही घोड्यावर कुटुंबे पोसली जातात. वरातीचा घोडा गावोगाव लागतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे मोठे व्यवहार होतात. या धंद्यात आपले बांधव पुष्कळ आहेत. म्हणून व्यापाराच्या या पानावर घोड्याच्या खुराकाचा हिशोब मांडणे मला गैर वाटत नाही.

मी कापडवाला माणूस. पण आमच्या मामूंचा टांगा होता आणि सुट्टीच्या दिवसांत मी त्यांच्या तबेल्यावर पडून असे. मामूंची समजूत एकच होती : ताकद दाण्यात आहे, गवत फक्त पोट भरण्यापुरते. गवत महाग झाले की ते गवत कमी करीत आणि गव्हाचा कोंडा व हरभरा वाढवीत. एका हंगामात त्यांच्या घोडीचा चेहरा दोन्ही बाजूंनी फुगला, ती चारही पायांनी अवघडून चालू लागली आणि अखेर टांग्याला जुंपण्याच्या लायकीची राहिली नाही. मामूंनी नशिबाला दोष दिला. दोष नशिबाचा नव्हता, खुराकाचा होता.

गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस आठ-दहा पटीने जास्त असतो. घोड्याला गरज नेमकी उलट, म्हणजे फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवे. महिनोन्‌महिने कोंडाच पोटात गेला की शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढते. हाडे पोकळ होतात आणि जबडा सुजतो. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग फार होई, म्हणून इंग्रजीत त्याला गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले.

दुसरी गोष्ट पोटाची. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहते. तोंडात गवत चघळले जात असेल तर लाळेने ते आम्ल शांत होते. जठर तासन्‌तास रिकामे राहिले की व्रण पडतात. एकदम पाटीभर दाणा ओतला तर पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने उभा घोडा एका रात्रीत जातो. त्यात हजारो रुपयांचे भांडवल बुडते आणि रोजची कमाईही बंद पडते.

मग हिशोब कसा ठेवावा? घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज हवा. तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो. हिरव्या गवतात तीन हिस्से पाणीच असते, म्हणून त्याचे वजन चौपट धरावे. चारा बुरशी लागलेला नसावा आणि तो दिवसातून अनेक वेळा द्यावा. लसूणघास मिळाली तर थोडी जरूर द्यावी, तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. दाणा मेहनतीच्या मानाने, थोडा थोडा करून. मीठ आणि स्वच्छ पाणी रोज. खुराक बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

आता बाजारात फीड बॅलन्सर नावाचा माल मिळतो. त्यात प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे एकवटलेली असतात. सुक्या गवतात आणि कडब्यात जे कमी पडते ते हा माल भरून काढतो. साधारणपणे शंभर किलो वजनामागे शंभर ग्रॅम पुरतो, तरी पिशवीवरचे प्रमाण वाचूनच द्यावा. माल चांगला आहे, परंतु तो चाऱ्याची जागा घेत नाही. आपल्या धंद्यात सुताला खळ लावली की धागा बळकट होतो. पण सूतच नसेल तर खळ कशाला लावणार? गवत तोडून डबा आणणारा मालक हाच सौदा करतो. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. स्वस्त पडते म्हणून कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोड्याला घालू नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन नावाचे औषध असते आणि ते घोड्याला प्राणघातक ठरते.

कोणी म्हणेल, शेटजी, गवताला पैसा कुठून आणावा? माझे उत्तर व्यापाऱ्याचे आहे. आपण एकेक गठडी रोजच्या भावाने घेतो, म्हणून ती महाग पडते. पावसाळा संपल्यावर गवताची कापणी होते, तेव्हा भाव उतरतो. दहा घोडेवाल्यांनी वर्गणी काढून एकदम माल उचलावा, कोरड्या जागी रचून ठेवावा आणि हिशोब वहीत लिहावा. सुताची खरेदी भागीत होते, तर गवताची का होऊ नये? त्याच वर्गणीतून जनावरांच्या डॉक्टरला वर्षातून दोनदा बोलवावे. आपल्या चाऱ्यात काय कमी आहे आणि बॅलन्सर किती लागेल, हे दुकानदारापेक्षा त्यांना विचारावे.

मुके जनावर आपल्या हाती अमानत आहे. ते भूक बोलून दाखवीत नाही, चाल मंदावून दाखविते. मामूंना ही गोष्ट सांगणारा कोणी भेटला नाही. ज्यांच्या दारात आज घोडा उभा आहे, त्यांना ती वेळेवर कळावी एवढ्यासाठी हे लिहिले.