शत्रू आपल्याच गणवेशात

२०२३ च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातल्या थिएटरांतून बाहेर पडणारी तरुण मुलं-मुली मनगटावरच्या स्मार्टवॉचचे फोटो समाजमाध्यमांवर टाकत होती. चित्रपट बघताना हृदयाचे ठोके कुठवर गेले, याचे ते आकडे. कुणाचे जास्त, यावरून चढाओढही लागली होती. चित्रपट होता ‘१२.१२: द डे’. पाच कोटींहून थोडी अधिक लोकसंख्या असलेल्या देशात त्याची एक कोटी तीस लाखांहून जास्त तिकिटं खपली.

गंमत म्हणजे ठोके वाढवणाऱ्या या लष्करी थरारपटात गोळीबार बेताचाच आहे. दोन तास एकवीस मिनिटांतला बराचसा वेळ अधिकारी फोनवर ओरडण्यात जातो. कोणती ब्रिगेड कुणाच्या बाजूची? संरक्षणमंत्री कुठे दडून बसलेत? राजधानीकडे निघालेल्या तुकडीला माघारी फिरवणारा हुकूम पोहोचला, की कुणी वाटेतच अडवला? शेवट काय होणार हे कोरियन प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. तरीही तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो.

२६ ऑक्टोबर १९७९ रोजी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखानं जेवणाच्या टेबलावर गोळ्या घातल्या. तपासाची सूत्रं संरक्षण सुरक्षा विभागाचे प्रमुख चुन दू-ह्वान यांच्या हाती आली. १२ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीची वाट न पाहता त्यांनी लष्करप्रमुखांनाच अटक केली आणि पहाटेपर्यंत अख्खं सैन्य खिशात घातलं. त्यांच्या विभागाला इतरांचे फोन ऐकता येत होते, म्हणून पडद्यावर वाजणारी प्रत्येक घंटी धडकी भरवते. त्यांचे साथीदार रोह ते-वू यांनी तर उत्तर कोरियाच्या तोंडावर पहारा देणारी फौज सीमेवरून उचलून सोलमध्ये आणली. ज्या शत्रूचं नाव घेऊन हे लष्कर देशावर वचक ठेवत होतं, त्याच्या वाटेवरचा पहारा लष्करानं स्वतःच उठवला. दिग्दर्शक किम संग-सू तेव्हा शाळेत होते आणि हानाम-दोंग भागातल्या घरातून त्यांनी त्या रात्रीचा गोळीबार कानांनी ऐकला होता. चित्रपटात त्यांनी पात्रांची नावं बदलली, पण कोण कोण आहे हे ओळखायला कोरियात कुणाला अडचण आली नाही.

कोरियन लष्करी चित्रपटांची वाखाणणी करताना आपल्याकडे स्फोट, कॅमेरा, वेग यांवर भर असतो. ते सगळं आहेच. पण या चित्रपटांचा खरा ताण येतो तो एका प्रश्नातून: समोर आलेला हुकूम पाळायचा की नाही? आणि हा प्रश्न ते शत्रूच्या नव्हे, स्वतःच्या सैन्याला विचारतात.

तो विचारला जातो तेव्हा प्रेक्षागृहात बसलेला माणूस त्रयस्थ नसतो. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. भूदलात सध्या अठरा महिने. म्हणजे दर रांगेत कुणीतरी बराकीत झोपलेला, वरिष्ठाच्या शिव्या खाल्लेला, रात्री-अपरात्री पहारा दिलेला असतो. सलाम चुकीचा ठोकला तर तो हसतो. आणि सैनिक म्हणजे सदोदित छाती पुढे काढलेला पुतळा, ही कल्पना त्याच्या गळी उतरवणं अवघड असतं.

स्वतःच्या सैन्याला प्रश्न विचारण्याचं हे स्वातंत्र्य कोरियन सिनेमाला आयतं मिळालेलं नाही. ली मान-ही या दिग्दर्शकानं १९६३ मध्ये ‘द मरीन्स हू नेव्हर रिटर्न्ड’ हा गाजलेला युद्धपट काढला. पुढच्या एका चित्रपटात त्यानं उत्तरेच्या सैनिकांना जरा माणसासारखं दाखवलं, तर १९६५ मध्ये कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली त्याला अटक झाली. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य असल्याचा निकाल घटनात्मक न्यायालयानं दिला तो थेट ऑक्टोबर १९९६ मध्ये. त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच ‘शिरी’ या कोरियन चित्रपटानं देशातल्या तिकीटविक्रीत ‘टायटॅनिक’ला मागे टाकलं. २००० मध्ये पार्क चॅन-वूक यांचा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ आला. त्यात सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे पहारेकरी रात्री चोरून भेटतात, खेळतात, खाऊ वाटून खातात. पस्तीस वर्षांपूर्वी ज्यासाठी एक दिग्दर्शक तुरुंगात गेला, त्यासाठी आता तिकीट खिडकीवर रांगा लागल्या.

मग आला ‘सिल्मिदो’, डिसेंबर २००३ मध्ये. एक कोटी प्रेक्षकांचा आकडा ओलांडणारा पहिला कोरियन चित्रपट. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेचे ३१ कमांडो सोलच्या राष्ट्राध्यक्ष निवासाजवळ येऊन थडकले होते. त्याचा सूड म्हणून दक्षिणेनंही मोजून ३१ माणसं गोळा केली आणि उत्तरेचे सर्वेसर्वा किम इल-संग यांना ठार मारण्यासाठी सिल्मिदो बेटावर त्यांना अमानुष प्रशिक्षण दिलं. पुढे राजकीय वारं फिरलं, मोहीम गुंडाळली गेली, पण माणसं बेटावर तशीच अडकून राहिली. ऑगस्ट १९७१ मध्ये त्यांनी पहारेकऱ्यांना मारलं, बस पळवली आणि सोलमध्ये शिरले. तिथे घेरले गेल्यावर त्यांनी हातबॉम्ब फोडले. जे चौघे वाचले, त्यांना नंतर मृत्युदंड दिला गेला. सरकारनं तीन दशकं दाबून ठेवलेलं हे प्रकरण एका मसालेदार ॲक्शनपटानं घराघरांत नेलं.

त्यानंतर दोनच महिन्यांत लागलेल्या ‘तेगुकगी’नं तो विक्रमही मोडला. कोरियन युद्धात फरफटत गेलेल्या दोन भावांची ही गोष्ट. दिग्दर्शक कांग जे-ग्यू यांनी संरक्षण मंत्रालयाकडे मदत मागितली होती. रस्त्यावरून तरुणांना पकडून नेण्याची दृश्यं बदला, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. कांग यांनी नकार दिला आणि लष्करी साहित्य न घेताच युद्ध उभं केलं. मूठभर धान्यासाठी कम्युनिस्टांच्या यादीत नाव घातलेल्या तरुणीला आपल्याच बाजूचे लोक गोळी घालतात, हा प्रसंग त्या चित्रपटात आहे. १९५० च्या उन्हाळ्यात अशा असंख्य नागरिकांची कत्तल झाली होती. सरकारी सत्यशोधन आयोगानं त्याची अधिकृत चौकशी केली ती चित्रपटानंतर.

अर्थात सगळेच कोरियन युद्धपट असे नाहीत. २०१५ चा ‘नॉर्दर्न लिमिट लाइन’ आणि २०१६ चा ‘ऑपरेशन क्रोमाइट’ यांत शत्रू ठरलेल्या जागी आहे, झेंडा फडकतो आणि त्यांनीही भरपूर गल्ला जमवला. धाडसी चित्रपटही सत्याशी खेळतात. ‘सिल्मिदो’तली माणसं फाशीच्या शिक्षेचे गुन्हेगार दाखवली आहेत, प्रत्यक्षात त्यांत साधे तरुण होते आणि त्यांच्या नातेवाइकांनी या चित्रणाला कडाडून विरोध केला. ‘१२.१२’च्या वेळीही शाळांनी विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवावा का, यावरून उजव्या गटांनी रान उठवलं. वाद झाले, पण चित्रपट पडद्यावरून उतरला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिल्मिदोच्या मृतांच्या नातेवाइकांची संरक्षणमंत्री किम योंग-ह्यून यांच्या नावानं सरकारी माफी मागितली गेली. त्याच मंत्र्यांच्या सल्ल्यानं ३ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी मार्शल लॉ पुकारला. हेलिकॉप्टरनं उतरलेले कमांडो संसदेत शिरले. नागरिक थंडीत धावत आले, खासदारांनी कुंपणं ओलांडली आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो हुकूम फेटाळला गेला. सहा तासांत सगळं आटोपलं. परत जाताना नागरिकांपुढे वाकून माफी मागणारा एक सैनिक साऱ्या कोरियानं पाहिला. चित्रपटामुळे लोकशाही वाचली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण त्या रात्री असंख्य कोरियनांना पहिली आठवण ‘१२.१२’चीच झाली. एका रात्रीत सैन्य कसं फिरतं आणि कुठल्या क्षणी कुणी नाही म्हणायला हवं होतं, हे त्यांनी वर्षापूर्वीच अंधारात बसून पाहिलेलं होतं.

आपल्याकडे काय आहे? ‘बॉर्डर’ आणि ‘उरी’ यांनी थिएटरं दणाणून सोडली, आणि तसा आनंद घेण्यात वावगं काही नाही. नाना पाटेकर यांच्या १९९१ च्या ‘प्रहार’नं कमांडोला मुंबईच्या गल्लीत आणून वेगळे प्रश्न विचारले होते. पण २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र पाठवून लष्करावरच्या चित्रपटांनी आधी मंत्रालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा, असं सुचवलं. २०२२ च्या सुरुवातीला दिग्दर्शक ओनिर यांच्या पटकथेला तो नाकारला गेला. त्यांची कथा लष्कर सोडलेल्या एका समलिंगी मेजरवरून सुचली होती. कोरियात मंत्रालयानं बंदुका दिल्या नाहीत, तरी ‘तेगुकगी’ निघाला. आपल्याकडे अडसर थेट पटकथेपाशीच उभा राहतो. हा दाखला बंद व्हायला हवा. सैन्याची प्रतिष्ठा त्यावाचून टिकणार नाही, असं मानणं हा सैन्याचाच अपमान आहे.

आणि विषयांची वानवा तर मुळीच नाही. एक विषय तर कोरियन चित्रपटातच सापडतो. ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’तल्या चौकशी अधिकारी तरुणीचे वडील कोरियन युद्धातले कैदी असतात, उत्तर नको, दक्षिणही नको, असं म्हणून तिसऱ्या देशात गेलेल्यांपैकी एक. असे ७६ कोरियन कैदी खरोखर होते आणि १९५४ मध्ये ते भारतात आले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२,६०० कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरचे. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणात ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. थोरातांनी या दिवसांविषयी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पटकथेला लागणारं सगळं त्यात आहे. फक्त मारायला शत्रू नाही. मराठी निर्मात्यांपैकी कुणी हा विषय हाती घेतला, तर पहिली परवानगी त्यांना कोल्हापुरात मागावी लागेल की दिल्लीत, हे एकदा कळायला हवं.