आधी दाराच्या चौकटीवरचं वाचा

पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायचं घर, म्हणजे ट्रक कॅम्पर, घ्यायला कोलोराडोतली माझ्या ओळखीची मराठी कुटुंबं निघाली की मला धडकी भरते. विक्रेता त्यांना आत नेऊन सोफा दाखवतो, ओव्हन दाखवतो. बटण दाबल्यावर भिंत बाहेर सरकून खोली रुंद होते, ते तर दोनदा दाखवतो. वजन? ते विचारावं लागतं. मग 'ड्राय वेट' नावाचा आकडा पुढे येतो.

पाणी नाही, गॅस नाही, माणसं नाहीत, अंथरूण नाही. ज्या अवस्थेत त्या कॅम्परमध्ये कुणी कधी राहणार नाही, त्या अवस्थेतलं हे वजन! आणि तेच ठळक अक्षरांत छापायचं. मी याला लबाडी म्हणते. कारण पाणी-गॅस भरून किती वजन होतं, हे सांगणारं लेबल कॅम्परवर लावणं अमेरिकेत कायद्यानेच बंधनकारक आहे. आकडा ठाऊक असतो, पण सांगायचा नसतो.

दुसरा आकडा तुमच्याच ट्रकवर आहे. ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त कधीही होता कामा नये, असं तिथल्या पट्टीवर स्पष्ट लिहिलंय. जाहिरातीतला भारक्षमतेचा आकडा विसरा, तो सर्वांत जास्त भार पेलणाऱ्या मॉडेलचा असतो. तुम्ही मोठी केबिन घेतलीत, फोर-बाय-फोर घेतलंत, छताला काच बसवून घेतलीत. ते सगळं त्यातून वजा झालंय.

आता हिशेब करू. समजा पट्टीवर 1,700 पौंड आहेत आणि कॅम्परचं कोरडं वजन 1,200. वीस गॅलन पाणी भरलं की 167 पौंड वाढले. नवरा-बायको मिळून 310. झाले 1,677! उरले 23 पौंड, आणि गॅसचा नेहमीचा लहान सिलिंडर भरलेला असला की 37 पौंडांचा. अजून गादी चढलेली नाही, बॅटरी नाही, तांदळाचा डबा नाही, मुलं तर नाहीतच. आणि ही गत छोट्या, छत वर उचलायच्या पॉप-अप कॅम्परची. विक्रेता त्याच ट्रकवर सरकत्या भिंतीचं धूड चढवायला निघालेला असतो.

यावर त्याचं रामबाण उत्तर ठरलेलं: 'मागे एअरबॅग लावून घ्या, भागेल.' नाही भागत! स्प्रिंगला जोर देणाऱ्या या हवेच्या पिशव्यांनी ट्रकचं दबलेलं बूड वर येतं, एवढंच. ॲक्सल तोच, चाकं तीच, टायर तेच, ब्रेक तेच. पट्टीवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. लक्षण झाकलं म्हणजे रोग बरा झाला, हे वैद्यकात चालत नाही, मग वायोमिंगमधल्या आय-80 महामार्गावर कसं चालेल? तिथला वारा उंच, हलक्या वाहनांना रस्ता बंद करायला लावतो. जड कॅम्परने गुरुत्वमध्य वर नेलेला ट्रक तिथे डोलायला लागला, की मागच्या सोफ्याचा आराम कुणाला आठवतो?

आणि त्या सरकत्या भिंतीचं कौतुक तरी कशाला? दुपारी रस्त्याकडेला थांबून दहीभात काढायचा, तर अनेक कॅम्परमध्ये भिंत बाहेर काढल्याशिवाय फ्रिजचं दार उघडत नाही. ती यंत्रणा वजन वाढवते आणि पाणी शिरायला नवी फट देते. म्हणून जुना कॅम्पर बघताना कोपऱ्यांतली भिंत अंगठ्याने दाबा. मऊ लागली, आत गेली, तर लाकूड कुजलंय. तिथूनच परत फिरा. दोन फायबरग्लास कवचं जोडून केलेल्या कॅम्परला मधोमध एकच मोठा सांधा असतो. मला तेच पटतात.

पलंगावर दोघांनी मिळून झोपून बघा, दुकानातच. केबिनवरचा पलंग आडवा असेल, तर आत झोपलेल्याला रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. पन्नाशीनंतर हा छळ आहे. उभा पलंग घ्या, बसल्यावर डोकं छताला लागत नाही ना ते बघा.

माझं मत सरळ आहे. साधा ट्रक असेल तर हलका पॉप-अप, तोही हिशेबात बसला तर. त्याच्या कापडी भिंतींतून थंडी येते, हे खरं. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर ग्रिझली अस्वलांमुळे कापडी भिंतींना मज्जावच आहे, हेही खरं. पक्क्या भिंती हव्याच असतील तर आधी 'वन-टन' वर्गातला दणकट ट्रक घ्या, मग कॅम्पर. घरी आणण्याआधी पाणी भरून, सगळ्यांना बसवून ट्रक-स्टॉपच्या काट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं लिहिलेली पावती मिळते. मागचा आकडा ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि वजन करण्याआधी विक्रेत्याला पूर्ण पैसे देऊ नका.